होडीचा दोर

अंगणात नातवंडं झेंडा लावत होती. त्यांच्या दोराला ओल्या सुंभाचा वास येत होता.

देवबागला अशाच एका पंधरा ऑगस्टला झेंड्यासाठी मी होडीचाच दोर सोडून आणला होता. होडी रेतीत टेकलेली होती, भरतीला वेळ आहे असं वाटलं. झेंडा वर गेला आणि खाडीतून धाकट्या सुमनची हाक आली, "बाबा, माका भंय वाटता." ती खेळता खेळता होडीत चढली होती आणि होडी तिला घेऊन धारेला लागली होती. मी तिच्याकडे पोहत असताना हाक थांबली, तेव्हा मी आणखी जोरात हात मारले.

ती सुखरूप मिळाली. "दोर कोणी सोडल्यान?" बायकोने विचारलं. मी थोरल्या बाबूकडे बोट दाखवलं. त्याने मुकाट मार खाल्ला.

आजही सुमन हसत म्हणाली, "दादा माका बुडवतलो होतो."

"दोर मी सोडललो गो," मी म्हणालो.

नातवंडांना गाठ बांधून देणाऱ्या बाबूने मान वर केली नाही. "आता कित्याक सांगतास, बाबा?" एवढंच म्हणाला.