आडवं न्यायचं बाळ

मॉनिटर वाजला तेव्हा बाळाला कार सीटमध्ये बसवून जेमतेम बारा मिनिटं झाली होती. आकडा शहाण्णववरून चौऱ्याऐंशीवर घसरला होता. हा आकडा म्हणजे सॅच्युरेशन, रक्तात ऑक्सिजन किती आहे त्याचं माप. तो नव्वदच्या खाली गेला की आम्ही नर्सेस हातातलं सोडून धावतो. मी पट्टे सोडले, बाळाला उचललं आणि पालथं घातलं. ओठांचा निळेपणा हळूहळू गेला. आकडा पंचाण्णववर आला.

बाळाचे वडील नितीन बाजूलाच उभे होते. खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला. ती सीट त्यांनी आदल्या दिवशी सदरच्या बाजारात चार दुकानं फिरून आणली होती.

"मॅडम, दुकानदार तं सांगून राहिला होता, याच्याहून चांगली सीट नाई. माह्यं काही चुकलं काय?"

"तुमचं काहीच चुकलं नाही," मी म्हणाले. खरंच नव्हतं चुकलं. बाळाला गाडीत सीटमध्ये बांधून न्यायचं असतं हे ठाऊक असलेले वडील मला इतक्या वर्षांच्या नोकरीत मोजकेच भेटले. पण या बाळाचा खालचा जबडा जन्मतःच आखूड होता. अशा बाळाची जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट अडते. पालथं ठेवलं की जीभ पुढे येते. सीटमध्ये बाळ अर्धवट बसतं, हनुवटी छातीला टेकते. म्हणून तर घरी सोडण्याआधी मी मॉनिटर लावून बसवून पाहिलं होतं. त्यांच्या गाडीत कुठला मॉनिटर?

आजी पुढे आल्या. "मी मांडीवर घेतो ना वं बाई. आमचे सारे लेकरं तसेच घरी आले."

"आजी, जोरात ब्रेक लागला तर तुमच्या हातात राहणार नाही ते."

बाळाची आई प्रज्ञा बाळाच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "मंग मी याले घरी नेऊ तरी कसं?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर खाली पोर्चमध्ये उभं होतं. आमची ॲम्ब्युलन्स. आत इनक्युबेटर, म्हणजे बाळाची उबदार पेटी, पक्की बसवलेली. बाळ पालथं झोपवून पट्टे लावता येतात, मॉनिटर चालू राहतो. ड्रायव्हर पेपर वाचत बसला होता. मी डॉक्टरांना फोन केला. "आडवंच न्यायचं. ॲम्ब्युलन्स मागा," ते म्हणाले आणि ऑपरेशनला गेले.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले.

"डिस्चार्जवर सही झाली ना, सिस्टर?"

"झाली सर, पण..."

"मग तो आपला पेशंट नाही. ॲम्ब्युलन्स बाळं आणायला आहे, पोहोचवायला नाही."

"सर, सीटमध्ये चौऱ्याऐंशीवर गेलं होतं."

"मग सीटमध्ये बसवू नका. अहो, आपण सगळे आईच्या मांडीवरच घरी आलो ना?"

माझं डोकं सणकलं. सात आठवडे आम्ही त्या बाळाला थेंब थेंब दूध देऊन वाढवलं होतं. त्याच सकाळी डिस्चार्जचा केक कापताना हेच साहेब फोटोत सगळ्यांच्या पुढे उभे होते. फोटोपुरतं बाळ आपलं, आणि गेटबाहेर गेलं की कोणाचं?

भांडून उपयोग नव्हता. मी तिथेच फाइल उघडली आणि लिहिलं: सीटमध्ये बारा मिनिटांत सॅच्युरेशन चौऱ्याऐंशी. डॉक्टरांचा सल्ला, आडवं न्यावं. ॲम्ब्युलन्स मागितली, नकार मिळाला. फाइल त्यांच्यापुढे सरकवली.

"हे काय?"

"तुम्ही म्हणालात तेच, सर. फक्त खाली सही करा."

"हे फाइलमध्ये कशाला हवं?"

"रस्त्यात काही झालं तर विचारतील ना, 'नाही' कोण म्हणालं ते."

त्यांनी पेन उचललं. ठेवलं. मग ड्रायव्हरला फोन लावला. "आणि ते पान काढून टाका," मला म्हणाले.

"फाइलचं पान काढता येत नाही, सर. गाडी मिळाली, असं खाली लिहिते. वेळ टाकून."

मी स्वतः बरोबर गेले. आई आणि आजीही आमच्याबरोबर बसल्या. खापरखेडा जवळ आलं आणि राखेचा एक ट्रक अचानक आडवा वळला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. पट्टा लावलेला असूनही माझा गुडघा पेटीच्या स्टँडवर आदळला. बाळ जागचं हललंही नाही.

आजी पेटीकडे बघत राहिल्या. "माह्या मांडीवर असतं तं..." एवढंच बोलल्या. प्रज्ञाने त्यांचा हात धरला.

बाळ घरी सुखरूप पोहोचलं. पुढच्या आठवड्यात सर्क्युलर निघालं: नर्सिंग स्टाफने फाइलमध्ये प्रशासकीय बाबी लिहू नयेत. ॲम्ब्युलन्सबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी त्यावर 'वाचलं' अशी सही केली.

जबडा पुरेसा वाढेपर्यंत ते बाळ प्रत्येक तपासणीला ॲम्ब्युलन्सनेच आलं आणि गेलं. दर वेळी मी अर्ज केला, वेगळ्या कागदावर, आणि उत्तर लेखी मागितलं. एकदाही नकार आला नाही. तोंडाने नाही म्हणायला कोणाचं काही जात नाही. तेच लिहून द्यायची वेळ आली की माणसाला एकदम बाळाची काळजी वाटू लागते.