विमानावरची काजळी

माझा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा मी अकोल्याच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. वय अडतीस. गवयाचा आवाज गेला तर तो निदान पेटी शिकवू शकतो. ड्रॉइंग मास्तराचा हात गेला तर त्यानं काय करावं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. दुसरं मला काही येत नव्हतं. गणितात कच्चा, इंग्रजी जेमतेम, आणि अंगमेहनतीच्या नावानं पूज्य. नव्या वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर नुसत्या हातानं, एका झटक्यात गोल गरगरीत वर्तुळ काढायचं आणि पोरांनी आ वासून बघायचं, एवढ्या भांडवलावर मी बारा वर्षं नोकरी केली होती.

आधी चहाचा कप बशीवर वाजायला लागला. मग खडू. फळ्यावरची रेघ नागमोडी जायला लागली तशी मी खडूला दोरी बांधून वर्तुळं काढू लागलो आणि पोरांना म्हणालो, ही शास्त्रशुद्ध पद्धत आहे. पोरांनी विश्वास ठेवला. हेडमास्तरांनी ठेवला नसावा. ते एकदा वर्गात मागच्या बाकाशी येऊन उभे राहिले आणि बाहेर पडताना सहज विचारल्यासारखं म्हणाले, "आजकाल दोरी काहून लागते, मास्तर?" मी हसलो. ते हसले नाहीत. त्या दिवसापासून मी उजवा हात कोटाच्या खिशात ठेवू लागलो, तोही अकोल्याच्या एप्रिलात.

अकोल्यातल्या डॉक्टरला दाखवण्याची सोय नव्हती, कारण त्याचा मुलगा माझ्याच वर्गात होता. म्हणून मी अमरावतीला गेलो. तिथल्या डॉक्टरनं हात पुढे करायला लावला, पंजावर एक कागद ठेवला आणि त्या कागदाची फडफड बघत राहिला. "नसांचा विकार आहे," तो म्हणाला. "वाढेल, पण हळूहळू." हळूहळू हा शब्द त्यानं असा उच्चारला की जणू माझ्यावर उपकार करत होता. त्याच्या तोंडावर कागद फेकून मारावासा वाटला. येताना मूर्तिजापूरच्या फलाटावर चहा घेतला, तो अर्धा धोतरावर सांडला, आणि पाहणाऱ्यांकडे मी असं रागानं बघितलं की जणू धक्का त्यांनीच मारला होता.

बायकोला सांगावं लागलं नाही. मी आत शिरलो, तिनं धोतर बघितलं आणि म्हणाली, "आवो, माह्यापासून काहून लपवता? कवाचं दिसून राह्यलं मले."

हे सीमेवरच्या लढाईनंतरचं वर्ष होतं. शाळाशाळांतून देशभक्तीची भरती आली होती आणि आमच्या संमेलनातही फौजेवरचं प्रदर्शन ठरलं होतं. त्यातच विलायतेत शिकायला गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं हेडमास्तरांना बोटीच्या टपालानं एक खोका पाठवला. खोक्यावर गेल्या महायुद्धातल्या एका बॉम्बफेकी विमानाचं चित्र, आणि आत त्याच विमानाचे प्लॅस्टिकचे सुटे भाग. शंभरेक तरी असतील. ते जोडायचे, रंगवायचे, की वीतभर लांबीचं हुबेहूब विमान तयार. हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावून खोका पुढ्यात ठेवला. "प्रदर्शनात हे मधोमध राहीन. पाहुणे फौजेतले निवृत्त अधिकारी आहेत. तुमच्याशिवाय कोन करनार?"

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि माझ्याकडे एकच कारण होतं. मी खोका काखोटीला मारून घरी आणला.

पहिल्या रविवारी मी एक चाक बसवायला घेतलं. मुगाच्या दाण्याएवढं चाक, टाचणीएवढी दांडी. दुपार उलटली तरी ते जागेवर बसेना. चिकटवायचा रस माझ्या बोटांना, चष्म्याला, धोतराला, सगळीकडे लागला, फक्त चाकाला लागला नाही. शेवटी मी स्टुलावर खेकसलो. हे स्टूल हलतं, या घरात एक वस्तू धड नाही, वगैरे. बायको स्वैंपाकघरातून हात पुसत आली. तिनं स्टूल दाबून बघितलं. "स्टूल नाई हालून राह्यलं," ती म्हणाली आणि समोर मांडी घालून बसली. "द्या इकडे."

ती अंजनगाव सुर्जीकडची, काळ्या मातीतल्या कास्तकाराची लेक. तिच्या माहेरी लग्न निघालं की खिरीसाठी गव्हले करायला तिलाच बोलावत. रव्याच्या कणकेचे तांदळाएवढे दाणे, दोन बोटांच्या चिमटीत वळायचे, परातभर, आणि सगळे एकसारखे. इंग्रजी सूचनांचा कागद तिनं वाचला नाही, नुसती चित्रं बघितली. ते चाक तिनं माझा पाण्याचा घोट गिळून व्हायच्या आत बसवलं. मला बरं वाटायला हवं होतं. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी अंगणात जाऊन विनाकारण पाणी भरलं.

तीन रविवारांत तिनं विमान उभं केलं. सांध्यात केस जाईल एवढीही फट नव्हती. इंजिनांचे चारही पंखे तिनं असे बेतानं बसवले होते की फुंकर मारली की गरगर फिरत. फडताळासमोरून जाता-येता ती एक फुंकर मारायचीच. मूल नव्हतं आम्हाला, आणि तिच्या हातचं कौतुक लोक जेवण संपेपर्यंतच करत. हे विमान लोक टेबलावर ठेवून बघणार होते.

"रंग तेवढे तुमी द्या," ती म्हणाली. "मले त्यातलं समजत नाई." समजत होतं तिला. माझ्यासाठी तिनं तेवढं काम राखून ठेवलं होतं.

सायकलींना लावतात तो डबीतला रंग आणला, टर्पेंटाइन घालून पातळ केला. अंगावरचे हिरवे-तपकिरी पट्टे कसेबसे निभावले, कारण ते मुळातच वेडेवाकडे असतात. मग आली पंखांवरची हवाई दलाची गोल निशाणं. खोक्यातली तयार निशाणं पावसाळी हवेनं एकमेकांना चिकटून बसली होती, तेव्हा ती हातानंच काढायची होती. वर्तुळं! जन्मभर ज्याच्या जोरावर भाकरी खाल्ली, तेच माझ्यासमोर वाढून ठेवलं होतं. मी श्वास रोखला, मनगट डाव्या हातानं धरलं आणि काढलं. उंदरानं कुरतडलेल्या पापडासारखा एक आकार तयार झाला. मी चिंधीनं पुसला, तर खालचा हिरवा रंगही निघाला आणि राखाडी ओरखडा मागे फरफटत गेला. मी कुंचला फेकला. डोकं धरून बसलो. आता हेडमास्तरांकडे जायचं, हात पुढे करायचा आणि सांगायचं की बघा, दोरी यासाठी लागते. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा मास्तर. मग आम्ही दोघांनी कुठे जायचं?

वर बघितलं तेव्हा तो ओरखडा मला वेगळाच दिसला. इंजिनाच्या धुरानं पंख काळवंडतो, तसा तो दिसत होता.

त्या आठवड्यात मी शाळा सुटल्यावर गावभर मळ बघत हिंडलो. कापसाच्या जिन कारखान्यातल्या इंजिनाच्या धुराड्यामागची भिंत बघितली. एसटीच्या स्टँडवर गाड्यांच्या कुशी आणि पोटं बघितली. मला कळलं की धूर वाऱ्याबरोबर मागे जातो, तेल खाली ओघळतं, चिखल पोटाशीच राहतो, आणि रंग आधी तिथला जातो जिथे माणसाचा हात-पाय रोज पडतो. घरी येऊन कंदिलाच्या काचेवरची काजळी टर्पेंटाइनमध्ये कालवली. परसातली काळी माती वस्त्रगाळ केली. लोखंडी खाटांना लावतात तो रुपेरी रंग आणला. जिथे रेघ थरथरली तिथे मी तिच्यावर धूर सोडला. कडेची पिवळी रेघ वाकडी गेली, तिथे रंग उडाल्याचा रुपेरी टवका दिला. वर्तुळं अर्धी पुसट केली. जितका हात हलला, तितकं विमान जुनं झालं. डाव्या पंखाच्या दिवशी हाताची अवस्था फार वाईट होती, म्हणून तो पंख सगळ्यात जास्त लढलेला दिसत होता.

बायकोनं बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. "मी एवढं सफाईनं जोडलं, अन तुमी त्याले चुलीतून काढल्यावानी करून ठेवलं." दुसऱ्या दिवशी मात्र ती बराच वेळ बघत उभी राहिली. "खरं वाटते पन," ती म्हणाली.

खरं वाटत होतं, आणि मला त्याचीच धास्ती होती. मला आता फक्त मळवता येत होतं. पांढऱ्या कागदावर एक सरळ रेघ काढ म्हटलं असतं तर मी मेलो असतो.

प्रदर्शनाच्या दिवशी निघताना बायकोनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. दाराला कडी लावता लावता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "सांगसान का तिथं, घरच्यायनं बी हात लावला म्हनून?" मी म्हणालो, "सांगीन की."

हॉलमध्ये मधोमध टेबल, त्यावर पांढरी चादर, त्यावर विमान. फौजी पाहुणे बाकी सगळे तक्ते भराभर बघत आले आणि तिथे थांबले. चष्मा काढून वाकले. "मास्तर, तुम्ही फौजेत होता?"

"नाही."

"मग हे कसं जमलं? नवं विमान कुणीही रंगवेल. हे परत आलेलं विमान आहे." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "एकट्यानं केलंत सगळं?"

बायका उजवीकडच्या भिंतीशी उभ्या होत्या. मी तिकडे बघितलं नाही. "हो," म्हणालो.

हेडमास्तर इतके फुलले होते की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात पाहुणे म्हणाले, "एकच राहिलं बघा. अशा विमानाच्या नाकावर त्याची माणसं नाव लिहीत. यावर लिहा, 'वऱ्हाड'. आत्ता, माझ्यासमोर. हा हात मला बघायचाय."

हेडमास्तरांनी लगेच पांढरा रंग आणि बारीक कुंचला मागवला. भोवती गर्दी झाली. पोरं बाकांवर चढली. कुणीतरी माझ्यापुढे डबी उघडून धरली. नाकाजवळची तेवढी जागा मी स्वच्छ ठेवली होती, कारण तिथे काही काढायचं नव्हतं. खिशातला हात मला आतल्या आत कापडाला घासताना जाणवत होता. हेडमास्तरांची नजर त्या खिशावर होती. ती नजर मी ओळखत होतो. दोरीच्या दिवशीचीच होती.

मी हात बाहेर काढला. कुंचल्याकडे न नेता विमानाकडे नेला. नाक उजेडाकडे वळवून बघतो आहे अशा थाटात ते उचललं, छातीएवढं वर धरलं, आणि सोडलं.

शहाबादी फरशी होती. एक पंखा घरंगळत पाहुण्यांच्या खुर्चीखाली गेला. सगळा हॉल एकदम "अरेरे" म्हणाला. पाहुणे स्वतःलाच दोष देऊ लागले, की मी उगाच घाई केली. हेडमास्तरांनी माझा खांदा धरला. "निसटलं, मास्तर, होते असं. किती दिवसांची मेहनत तुमची! पुढच्या सालीबी प्रदर्शन तुमच्याच गळ्यात." त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता, खरी हळहळ होती. माझी नोकरी वाचली होती. लोक माझं सांत्वन करत होते आणि मी मान हलवत होतो, तेवढ्यात गर्दीतून हिरवं लुगडं पुढे आलं. ती गुडघ्यांवर बसली आणि एकेक तुकडा वेचून पदरात घेऊ लागली. खुर्चीखालचा पंखाही तिनं हात घालून काढला. मास्तरांची बायको किती हळवी, असं कुणीतरी म्हणालं.

घरापर्यंत ती माझ्या मागून चालली. घरी आल्यावर तिनं पदरातलं सगळं सुपात ओतलं, खाली बसली आणि मोठे तुकडे एकीकडे, बारीक एकीकडे करू लागली. मला ते सहन होईना.

"हात हलला गं," मी म्हणालो. "एकदम हलला. सुटलं."

ती निवडत राहिली. मग सूप बाजूला सारून तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते.

"बाकी कवाबी हालते तुमचा हात," ती म्हणाली. "तवा नाई हालला. मी पाह्यलं."