लंगरीचा हुकूम

आमच्या शेजारी एक पेन्शनवाला राहतो. पलटणीत लंगरी होता, म्हणजे शिपायांचा आचारी. लढाईवरनं परत आला, पण बोलणं अजून हुकमाचं. कुणाच्या घरात शिरला की आधी नाक वर करून वास घेणार.

यंदा माझी म्हातारी नाही म्हणून आळीनं मला दिवाळीचा फराळ पाठवला. दिवाळी सरली तरी मी करंज्या-लाडूच खात बसलो. चूल पेटवायची म्हटलं की ती आठवायची. पोट नगाऱ्यागत झालं.

तो आला, वास घेतला आणि डबा उचलून आळीत वाटून आला.

"आवं आबा, त्याल प्यायला इंजान हाय का तुमी? उठा! जोंधळ्याची भाकरी करा."

"मला येत न्हाई गड्या. तूच कर की."

"मी आज करीन. उद्या कोन करंल?"

अख्खी पलटण जेवू घातलेला गडी, पण हात पाठीमागं बांधून उभा राहिला.

"थापा! भिताय काय, परात चावती व्हय?"

पहिली तुटली. दुसरी करपली. त्याची बोटं नुसती वळवळत होती, पण पिठाला शिवला नाही. तिसरी चुलीतल्या आराला टेकवली आणि काय सांगू, टम्म फुगली!

"फुगली रं!" मी वरडलो.

तो माझ्याहून मोठ्यानं वरडत बाहेर पळाला, "या की बघायला! आबाची भाकरी फुगली!"

आळी जमेपर्यंत मी ती चटणीबरोबर खाऊन टाकली होती. लोकांना दाखवायला आणखी एक थापावी लागली. तीही फुगली.