सोड्याच्या बाटलीची नोटीस

आमच्या आत्तीच्या यजमानांइतका कायदा पोटात घेऊन हिंडणारा माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत दुसरा झाला नाही, आणि इतक्या कायद्याचा इतका कमी उपयोगही कुणाला झाला नाही. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. इंग्रजी अमदानीत ते बेळगावात एका वकिलांकडे कारकून होते. वकील कोर्टापुरता कायदा वापरत. मामा तो चपला घेताना आणि दाढी करून घेतानाही वापरत. त्यांच्या मते बाजारात माणसाला दोनच कायदे तारतात. आपण स्वतः पैसे मोजून माल घेतला तर तो करार. माल वाईट निघाला की दुकानदाराची मानगूट धरायला आपण मोकळे. माल दुसऱ्याने घेतला आणि इजा आपल्याला झाली तर मात्र नुकसानीचा कायदा, आणि त्यात समोरच्याचा निष्काळजीपणा शाबीत करत बसावं लागतं. या दुसऱ्या कायद्याचा मामांना मनस्वी तिटकारा. म्हणून ते लग्नातसुद्धा पंगतीला बसण्याआधी आचाऱ्याच्या हातावर एक पैसा ठेवत. "फुकट जेवलो आणि पोट बिघडलं, तर दाद मागायची कुणाकडं?" असं ते नवरीच्या बापाला समजावत. तो बिचारा वरपक्ष रुसला की काय म्हणून घाबराघुबरा व्हायचा.

अशा मामांनी एकदा खडेबाजारात आत्तीसाठी गोटी सोडा घेतला. माल तपासून घेणं हे गिऱ्हाइकाचं कर्तव्य, म्हणून ते प्रत्येक बाटली आधी खुळखुळ्यासारखी हलवून बघत. तशी हलवून त्यांनी ती आत्तीच्या हातात दिली. तिने गोटी दाबली आणि बाटली फुटून काच उजव्या हाताच्या दोन बोटांत शिरली. सोडावाल्याने आपला पटका फाडून बोटं बांधायला घेतली. मामा मोठ्या पेचात उभे.

"करार माझा, आणि बोटं हिची," ते म्हणाले. "म्हणजे दावा हिनंच लावाय पायजे, दुसऱ्या कायद्याखाली. आता निष्काळजीपणा कुणाचा, सांग."

"अण्णा, बाटली तुम्हीच हलिवलासा की," सोडावाला गाठ मारत म्हणाला.

मामा आत्तीला डॉक्टरांना दाखवून घरी घेऊन आले. बोटं पुन्हा वाकतील की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि भाकरी थापल्याशिवाय आत्तीचा दिवस जात नसे. दुसऱ्या दिवशी मामांनी आत्तीच्या वतीने स्वतःलाच नोटीस लिहिली, रजिस्टर टपालाने घरी पाठवली, पोस्टमनच्या पावतीवर सही करून ती घेतली, मोठ्याने वाचली आणि सगळे आरोप कबूल केले. भरपाई म्हणून ते चुलीपुढे बसले आणि भाकऱ्या थापू लागले. एकही भाकरी गोल झाली नाही.

"मी मागितलीया का भरपाई?" आत्ती चिडायची.

"निष्काळजीपणा शाबीत झालाय," मामा परातीतून मान वर न करता म्हणत.

अशी कितीतरी वर्षं गेली. एका दुपारी मामा कामावर असताना मी सहज गेलो, तर आत्ती गजरा बांधत होती, आणि तिची दोन्ही बोटं छान वाकत होती. मी बघतोय म्हटल्यावर ती हळूच म्हणाली, "कवाच बरी झाल्यात रं. पर त्यास्नी सांगू नगंस. लगीन झाल्यापास्नं माज्याजवळ एवढा येळ कधी बसलं न्हवतं ते. सांगितलं की दावा मिटला म्हणून उठतील."

मी सांगितलं नाही. पुढे मामा वारल्यावर आत्तीने एका सकाळी परात पुढ्यात ओढली, पीठ मळलं आणि तशीच बसून राहिली. मला राहवलं नाही, मी तिच्या शेजारी बसून गोळा हातात घेतला.

"गोल करू नगंस," ती म्हणाली.