पोत्यावर शिकायचा ठोका

आमच्या शेजारच्या साहिलचे अंगठे बघण्यासारखे आहेत. बाकी मुलगा साधाच. सव्वीस वर्षांचा, किडकिडीत, मुंबईहून परतलेल्या सगळ्यांसारखा दहाला उठणारा. पण अंगठे! मोबाईलवर ढोल वाजवायचा एक गेम आहे. वरून रंगीत ठोकळे पडतात, ते खालच्या रेघेवर टेकले की नेमके त्याच क्षणी दाबायचे. त्यात हा देशात एकोणिसावा. पोलादपूरच्या स्टँडवर कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, तो सांगेल, कारण मीच सांगून ठेवलंय. वाडीतली बातमी आमच्या ओटीवरूनच खाली उतरते, त्याला मी काय करू?

पण आता साहिलचं नाव निघालं की माझं तोंड पूर्वीसारखं सुटत नाही.

त्याचा आजा गोमाजी. शिमग्याच्या पालखीपुढे चाळीस वर्षं खालूबाजाचा ढोल त्याच्या गळ्यात. त्या ढोलाला आणखी एक काम होतं. आमची वरची वाडी डोंगराच्या खांद्यावर, खालची वाडी वहाळाच्या काठी. पावसात वीज गेली की मोबाईलचा टॉवरही गप होतो. म्हणून जुना ठराव असा, की भर पावसात वहाळाचं पाणी एकाएकी आटलं तर वर कुठेतरी डोंगर सुटून पाणी अडलंय असं समजायचं, आणि गोमाजीनं हाकेचा ठोका द्यायचा. तीन जड, मग एक दम सोडून चौथा. तो ऐकला की खालच्यांनी हातातलं टाकून शाळेच्या टेकाडावर पळायचं. मी सातवीत असताना तो एकदा वाजला होता. सहा घरं चिखलात गेली, माणूस एकही गेला नाही.

आणि नेम असा, की हा ठोका ढोलावर उगाच कधी वाजवायचा नाही. सरावालासुद्धा नाही. रोज वाजायला लागला तर खरा वाजेल त्या दिवशी कोण उठणार? गोमाजी स्वतः तो बापाकडून भाताच्या पोत्यावर शिकला.

गेल्या माघात गोमाजीला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. साहिल काम करायचा ते घाटकोपरचं मोबाईलचं दुकान तेव्हाच बंद पडलेलं, तो घरी आला. आल्या आल्या त्यानं एक चांगलं काम केलं. त्याची आई आवडी चुलीच्या धुरानं खोकून बेजार झाली होती, तिला गॅस आणून दिला. चूल विझली. चुलीवर आढ्याला वर्षानुवर्षं टांगलेला काळाकुट्ट ढोल त्यानं उतरवला, घासूनपुसून ओटीच्या भिंतीवर लावला, त्याचा फोटो सगळ्यांना पाठवला.

"झकास दिसतोय रे," मी म्हटलं. "आजालाही असाच पुसून टांग शेजारी."

आतून गोमाजी काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतो गो म्हातारा?"

"सकाळपासून धूर, धूर करतोय," आवडी म्हणाली. "खोकला मला, नि धूर पायजे ह्याला!"

आम्ही तिघं हसलो. मी जरा जास्तच.

पाऊस तोंडावर आला तेव्हा गोमाजीनं साहिलला जवळ बसवलं आणि डाव्या हातानं मांडीवर ठोका दाखवला. तीन जड, दम, चौथा. गेममध्ये आपली चाल बसवायची सोय आहे. साहिलनं ती बसवली आणि पहिल्याच फेरीत केसभर न चुकता वाजवली. पडद्यावर सोनेरी अक्षरं नाचली.

"ताल हाय त्याला," गोमाजीनं कबूल केलं. मग एकेक शब्द जुळवत विचारलं, "ह्यात चुकलास... तर काय होतं?"

"काय नाय, आजा. परत चालू करायचं."

गोमाजीनं दारातून डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाला, "उद्यापासून पोतं घे."

तेवढ्यात मी टपकलो. "पोती बडवायला हमाल हाय काय तो? देशात एकोणिसावा हाय! बाबा, तुझा ढोल आता पेन्शनीत गेला."

साहिल खूश झाला. त्यानं पोतं घेतलं नाही. ते वाक्य माझं होतं, हे मी लिहून ठेवतो.

श्रावणातली दुपार. चार दिवस झड लागलेली, वीज नाही, टॉवर मेलेला. मी जेवत होतो. आमटीचा भुरका मारला आणि तो मलाच केवढ्यानं ऐकू आला. हात थांबला. बायको म्हणाली, "एवढं शांत कसं काय?"

वहाळ बंद झाला होता.

मी धावलो तेव्हा गोमाजी अंथरुणात अर्धा उठून डावा हात हवेत मारत होता. साहिलनं ढोल भिंतीवरून काढला, गळ्यात घातला, अंगणाच्या कडेला उभा राहिला आणि काठी हाणली.

भद.

तसा आवाज मी ढोलाचा कधी ऐकला नव्हता. चुलीच्या ऊब-धुराविना दोन महिने ओल प्यायलेलं कातडं भिजल्या गोणपाटासारखं लोंबत होतं. तीन जड, दम, चौथा. ताल अगदी बरोबर. घड्याळ लावून घ्यावं इतका बरोबर. पण मनगटात जोर नव्हता, कातड्यात जीव नव्हता. खाली कौलांतून जेवणाचा धूर निवांत वर येत होता. एकही माणूस बाहेर आला नाही.

"शेक!" गोमाजी आतून ओरडला. "ढोल शेक!"

आवडीनं गॅस पेटवला. निळ्या जाळावर ढोल धरला तर एका जागी कातडं करपायला लागलं. साहिलनं ढोल टाकला आणि पायवाटेनं खाली उड्या घेत सुटला. मी मागे, पोट सावरत. वहाळावरचा साकव परवाच्या पुरात वाहून गेलेला आणि काठ उभा, म्हणून वरच्या अंगानं वळसा घ्यावा लागला. तो ओरडत राहिला, घसा फुटेपर्यंत.

लोक बाहेर पडले आणि पाणी आलं. तांबडं, जाड, झाडं मुळांसकट घेऊन. खालच्या वाडीतल्या रामाचा गोठा दोन बैलांसकट डोळ्यांदेखत गेला. घरांपाशी येऊन ते वळलं. का वळलं, कुणाला ठाऊक नाही.

रामा मला म्हणाला, "ऐकलं रे आम्ही कायतरी. म्हटलं, वरचे वांदरं हाकवतायत डबा बडवून."

साहिल शेजारीच उभा होता. तो ठोका त्याचा होता, हे रामाला ठाऊक नव्हतं.

नंतर सरकारी साहेब येऊन गेले. वरच्या कातळाखाली भेग आहे, ती रुंदावते का ते कळायला तिच्या दोन्ही बाजूंना त्यांनी खुंट्या ठोकल्या, शाळेच्या दारावर सावध राहण्याची नोटीस लावली. खालच्या वाडीनं जायचं कुठे, ते नोटिशीत नव्हतं.

आता आवडीची चूल पुन्हा पेटते. ढोल वर धुरात आहे, नवं कातडं महाडहून आणलंय. आवडी खोकते आणि चुलीत आणखी एक लाकूड सारते. साहिल रोज दुपारी ओटीवर पोतं घेऊन बसतो. तळहात फुटलेत, अंगठ्यांना फडकी बांधलीत. गोमाजी डोळे मिटून ऐकतो. "मनगट," एवढंच म्हणतो, आणि कधी "परत." मोबाईल कोनाड्यात पडून असतो. एकोणिसावा आता कितवा झाला, विचारायची मलाही छाती होत नाही.

काल त्यानं मला विचारलं, "काका, ढोलावर वाजेल ना माझ्याच्यानं?"

एरवी मी दहा उत्तरं फेकली असती. पण नेम नेम आहे. जमतं की नाही हे कळायला तो ठोका खराच वाजवावा लागेल, आणि तो दिवस यावा असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

"पोतं फाटलं की नवीन देतो," मी म्हटलं. "आमच्याकडं हायत."

तो हसला नाही.

आज सकाळी मी खुंट्या बघून आलो. सोमवारी भेगेत माझी चार बोटं जात होती. आज अख्खा हात कोपरापर्यंत गेला, आणि आत गार वारा होता. खाली येऊन गोमाजीला सांगितलं. त्यानं साहिलकडे पाहिलं. साहिलची काठी पोत्यावर उचललेली तशीच थांबली. आम्ही तिघं कान देऊन बसलो.

वहाळ अजून वाजत होता.

"परत," गोमाजी म्हणाला.