नामदेवभाऊंच्या ऑर्गनसाठी वीज

लॅपटॉप बंद पडला तेव्हा कानाचं मशीन नामदेवभाऊंच्या कानात होतं, मशीनची वायर माझ्या हातात होती आणि अख्खी नाटक कंपनी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"झालं का म्याडम?" नामदेवभाऊंनी ओरडून विचारलं. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो सगळ्या जगाशी ओरडूनच बोलतो.

"नाही झालं. बॅटरी संपली."

"मंग लाइटवर लावा नं," कंपनीचे डायरेक्टर म्हणाले.

"लाइट आहे कुठे?"

"हो, थे बी हाय. लोडशेडिंग हाय. संध्याकाळी येते. म्हंजे, आली तं."

मी ऑडिऑलॉजिस्ट. म्हणजे कोणाला किती ऐकू येतं ते तपासायचं आणि ज्याला कमी येतं त्याला मशीन बसवून द्यायचं. तेव्हा गडचिरोलीच्या एका धर्मादाय संस्थेत नोकरीला होते. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. कानाची डिजिटल मशीन आमच्याकडे नुकतीच यायला लागली होती. ही मशीन लॅपटॉपला जोडून प्रत्येकाच्या कानाप्रमाणे सेट करावी लागतात. कोणाला जाड आवाज येत नाही, कोणाला बारीक. जो येत नाही तो वाढवायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. याला प्रोग्रामिंग म्हणतात. आणि ते मध्येच तुटलं की पहिल्यापासून सुरू करायचं.

आमचा लॅपटॉप कोणीतरी दान दिलेला. देणाऱ्याने वापरून वापरून त्याच्या बॅटरीचा पार चोथा केला होता. चार्जरवर असला की राजा, काढला की दहा मिनिटांत मान टाकायचा. ऑफिसात हे खपून जायचं. वडसा भागातल्या या गावात कसं खपणार?

तुम्ही म्हणाल, मग माणसालाच गडचिरोलीला बोलवायचं. नामदेवभाऊ आले असते हो, त्यांचा ऑर्गन कसा येणार? झाडीपट्टीत धान निघाला की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक. या नाटकांमध्ये नामदेवभाऊ पायपेटीचा ऑर्गन वाजवत. कानाची मशीन बोलण्यासाठी बनवलेली असतात, वाद्याचा सूर त्यातून भलताच येतो. म्हणून ते वाजवताहेत आणि मी सेट करते आहे, असंच हे काम करावं लागणार होतं.

आणि ते दिवाळीच्या आत व्हायला हवं होतं. डायरेक्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "म्याडम, माणूस देव हाय आमचा. पण गानारी कुठी चालली थेच त्याईले समजून नाई राह्यलं. वडस्याचा एक कीबोर्डवाला पाहून ठेवला मी. भाऊचे कान आले नाई तं यंदा त्याले बसवा लागन."

नामदेवभाऊंना हे माहीत होतं. मी सामान आवरत होते तर जवळ येऊन म्हणाले, "ऑर्गन गेला तं मी घरी बसून काय करू? बायकोचं बोलनं ऐकाले मले मशीन नाई पायजे जी."

हसतच म्हणाले ते. पुढच्या आठवड्यात येते आणि वीज सोबत घेऊन येते, असं मी मोठ्या तोंडाने सांगून टाकलं.

ऑफिसात आमचे व्यवस्थापक वैद्यसाहेब. त्यांचा पहिला सल्ला, "जनरेटर न्या. लग्नात असतो तसला."

"सर, बहिऱ्या माणसाचे कान तपासायला जनरेटर?"

"बरं मग नवी बॅटरी मागवा लॅपटॉपची."

ती नागपूरहून मागवावी लागणार होती, आणि तिची किंमत ऐकून साहेबांनी स्वतःच फोन ठेवला. मग ऑफिसातला कॉम्प्युटरचा यूपीएस न्यायचं ठरलं. यूपीएस म्हणजे लाइट गेली की थोडा वेळ तग धरणारा डबा. मी तो आधी ऑफिसातच लावून पाहिला, आमच्या शिपाईबाईंना खुर्चीत बसवून. तपासणीत असं असतं की कानात पीं वाजलं की पेशंटने बोट वर करायचं. बाईंचं बोट सारखं वर. मी काही वाजवलंच नव्हतं! लाइट नसली की यूपीएस स्वतःच दर थोड्या वेळाने पीं करतो. बाई बिचाऱ्या प्रामाणिकपणे त्याला दाद देत होत्या. आम्ही दोघी पोट धरून हसलो आणि यूपीएस परत टेबलाखाली गेला.

शेवटी बाजारात सलीमभाईंकडे गेले. त्यांचं बॅटऱ्यांचं दुकान, वडिलांपासूनचं.

"म्याडम, ट्रकची घेऊन जा! तुमचा लॅपटॉप काय, पूरी नाटक कंपनी चालन त्याच्यावर."

"मी एसटीने जाते सलीमभाई. उचलणार कोण? आणि त्यातलं ॲसिड कोणाच्या धोतरावर सांडलं तर?"

"हां, वो तो है."

तेव्हा आजच्यासारख्या पर्समध्ये मावणाऱ्या पॉवर बँक नव्हत्या. मग आम्ही हिशोबाला बसलो. हिशोब सोपा आहे, आजही उपयोगी पडतो. चार्जरच्या पाठीवर तो किती वॅट खातो ते लिहिलेलं असतं. माझा पासष्ट वॅटचा होता. बॅटरीवर व्होल्ट आणि एएच असे दोन आकडे असतात. दोघांचा गुणाकार म्हणजे तिच्या पोटात किती वीज मावते ते. यूपीएसच्या आत विटेएवढी सीलबंद बॅटरी असते, बारा व्होल्ट आणि सात एएच. गुणाकार चौऱ्याऐंशी. म्हणजे कागदावर तासाभरापेक्षा जास्त, प्रत्यक्षात तासाच्या आतच. सांडत नाही, वास नाही, पिशवीत मावते. तिच्या जोडीला एक छोटा इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या विजेची घरातल्यासारखी वीज करणारा डबा. हे सगळं नव्या बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्तात बसत होतं.

मी दोन बॅटऱ्या मागितल्या. वैद्यसाहेब म्हणाले, "एक पुरे. तासाभराचं तर काम आहे."

"सर, नाटकवाल्यांकडे कोणतं काम तासाभरात होतं?"

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि दोन मंजूर केल्या.

ठरल्याप्रमाणे गेले. दोन विटा आणि इन्व्हर्टर पिशवीत, खांदा पार कामातून गेला. तालमीच्या मांडवात ऑर्गनशेजारी लॅपटॉप मांडला, बटण दाबलं, चालू! डायरेक्टरनी टाळ्या वाजवल्या. मी नामदेवभाऊंच्या कानात मशीन घातलं, वायर जोडली. अजून काहीच केलं नव्हतं, तर त्यांनी मान तिरकी केली.

"म्याडम, कोनी पांढरी पाच दाबून ठेवली हाय का?"

"कोणी ऑर्गनला हात लावलेला नाही भाऊ."

"वाजून राह्यली नं बारीक. हूंऽऽऽ."

मी माझा हेडफोन लावून ऐकलं. खरंच भुणभुण येत होती. इन्व्हर्टर स्वस्तातला, त्याची वीज खडबडीत, आणि ती चार्जर आणि वायरमधून थेट कानापर्यंत पोचत होती. मी वैतागायला हवं होतं. पण या माणसाला बारीक भुणभुण ऐकू आली होती, सुरासकट! मला खुर्चीवर उभं राहून नाचावंसं वाटलं.

उपाय मग सुचला तो असा. चार्जर काढला की भुणभुण बंद. लॅपटॉपची स्वतःची दहा मिनिटं होतीच की. तेवढ्यात जमेल तितकं काम करायचं, मग चार्जर लावून चहा प्यायचा, की पुन्हा दहा मिनिटं. डायरेक्टरना ही पद्धत फारच आवडली. प्रत्येक वेळी वेगळ्या घरून चहा आला, कुठून सोबत भजी, कुठून चिवडा. पहिली बॅटरी संपली, दुसरी लावली. मशीन सेट होत आलं.

"आता वाजवा भाऊ."

नामदेवभाऊ बसले, पाय मारले, बोटं फिरवली. चेहरा उजळला. आणि मध्येच थांबले.

"मशीन खराब हाय," ते म्हणाले. "बेसूर वाजवते."

डायरेक्टर लगेच दुसरीकडे बघायला लागले. मी पुन्हा तपासलं, आवाज कमी केला, वाढवला. छे! एक काळी पट्टी आली की भाऊंचं तोंड वाकडं. "इथीच! इथीच बिघडते!"

शेवटी मी कंपनीच्या गाणाऱ्या मंजुळाबाईंना म्हटलं, "तुम्ही नुसत्या गा. ऑर्गन नको."

त्या गायल्या. नामदेवभाऊ डोळे मिटून ऐकत राहिले. "हे तं सई येऊन राह्यलं," ते हळूच म्हणाले. आज पहिल्यांदा ते हळू बोलले. मग त्यांनी ती पट्टी एकटीच दाबली आणि धरून ठेवली.

तबलजी तबल्याकडे बघतोय, डायरेक्टर छपराकडे.

"मंजुळा," नामदेवभाऊ म्हणाले, "हा सूर उतरला हाय. केव्हापासून?"

"दोन सीझन झाले भाऊ."

"दोन सीझन! आन तुमी गात काय होते मंग?"

"तो सूर आला का आमी सगळे जरासं खाली सरकून घेत होतो."

"सगळे?"

"सगळे. नवीन आलेल्याले पहिले हेच शिकवत होतो."

"आन मले सांगतलं काऊन नाई?"

"तुमाले कोन सांगन, भाऊ?" मंजुळाबाई म्हणाल्या. "आमाले सूर लावाले तुमीच तं शिकवलं."

नामदेवभाऊंनी एकेकाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस रडतो की चिडतो. ते हसायला लागले. इतके हसले की मशीन कानातून निघून मांडीवर पडलं. मग सगळेच हसले, मीही हसले, डोळे पुसत.

त्यांनी ऑर्गन उघडला, आतली त्या सुराची पितळेची पाती काढली आणि तिचं टोक ब्लेडने अगदी हलकं खरवडलं. तसं केलं की सूर चढतो म्हणे. लावून बघायचं, काढायचं, पुन्हा खरवडायचं. मी शेजारी बसून मशीन त्या सुरासाठी नीट करत होते. दुसरी बॅटरी नसती तर लॅपटॉपने केव्हाच मान टाकली असती. वडस्याच्या कीबोर्डवाल्याला डायरेक्टरनी तिथूनच फोन लावला आणि यंदा येऊ नको म्हणून सांगून टाकलं.

मग पूर्ण तालीम सुरू झाली आणि खरी गंमत झाली. ऑर्गन सुरात आला होता, पण दोन वर्षांची सवय कुठे जाते? ती पट्टी आली की सगळी कंपनी इमानाने खाली सरके, आणि नामदेवभाऊ ऑर्गन थांबवून एकेकाला नावानिशी झापत. आता त्यांना सगळं ऐकू येत होतं. मागच्या रांगेतलं सुद्धा.

लॅपटॉपसाठी बॅटरी घेताना वॅट बघा, वजन बघा, आणि गरजेपेक्षा एक जास्तीची घ्या, साहेब काहीही म्हणोत. मी हे तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले आहे.

मी निघाले तेव्हा मंजुळाबाई मांडवाबाहेर पोचवायला आल्या. घशाला कोरड पडलेली, पण चेहरा फुललेला. हळूच माझ्या कानाशी लागल्या.

"म्याडम, त्याईच्या कानातली थे बॅटरी किती दिवस चालते जी?"

"आठवडाभर. का हो?"

"नाई," त्या म्हणाल्या, "म्हनलं मंग जरा दम खाता येईन."

तेवढ्यात मांडवातून आवाज आला, "मंजुळा! मले ऐकू येऊन राह्यलं!"