पत्र्याची घरं आणि माझी जीभ

मंडळी, आज दुपारी इथे ओमानमध्ये, सोहारच्या ऑफिसात मी जी माती खाल्ली, ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मारिसेल फिलिपिन्सची. "तुझं गाव दाखव ना," असं मीच काल तिला म्हटलं होतं. आज जेवताना तिने मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. गाडीच्या काचेतून दिसणारा रस्ता, धो धो पाऊस, सपासप वायपर, बाजूला समुद्र. मला वाटलं, कुणीतरी टाकलेला जुना व्हिडिओ असेल.

मी समोरच्या शुक्लाजींना म्हटलं, "इतना गाती रहती है गाव का, और है क्या? पत्रे के झोपडे और कीचड!" मारिसेलला हिंदी कळत नाही, म्हणून बिनधास्त.

गाडी थांबली. वायपर चालूच. मोबाइलमधून आवाज आला, "दीदी, वो हरा पत्रा हमारा घर है. कभी आना, चाय पिलाएगा."

तो तिचा भाऊ होता, व्हिडिओ कॉलवर. सहा वर्षं इथल्या बंदरात आपल्याच लोकांबरोबर काम करून परत गेलेला. बहिणीने सांगितलं म्हणून खास माझ्यासाठी भर पावसात बाहेर पडला होता.

"काय म्हणतोय तो?" मारिसेलने हसून विचारलं.

"चहाला बोलावतोय," मी म्हटलं.

वसईला आमच्या घरावरही पत्राच आहे हो. मारिसेलला मी आजवर फक्त चर्चच्या सणाचे फोटो दाखवलेत.

आता उद्या कुठल्या तोंडाने सांगू तिला, की चहाला बोलावण्याआधी तिच्या भावाने माझं काय ऐकून घेतलं?